पायडल खाली गेलं पाहिजे

१५ जून १९९८, सोमवार

ही डायरी हनुमंत सरांच्या क्लासची आहे. नव्या वर्षाला सगळ्यांना वाटली, उरलेल्या गठ्ठ्यातली एक मला मिळाली. पहिल्या पानावर हनुवटीला हात लावलेला सरांचा फोटो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सरांचं एक वचन. आजचं वचन : ‘थांबतो तो हरतो.’ ज्याच्या गाडीच्या ब्रेकचा भरवसा नाही त्याने असली वाक्यं छापून घ्यावीत, याला काय म्हणावं.

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

मी मलप्पा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. वीस वर्षं निलंगा-औसा काळी-पिवळी जीप चालवली. एप्रिलपासून लातुरात सरांच्या गाडीवर आहे. सर फिजिक्स शिकवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडच्या शाखेत शिकवायला जातात, तेव्हा मी नेतो. माझी पोरगी राजकन्या बारावीला आहे. ती सरांच्या क्लासमध्ये तिसऱ्या बाकावर बसते. त्या बाकासाठी देगलूर-उमरग्याहून माणसं येतात आणि क्लासचा कारभार पाहणाऱ्या भगवानरावांपुढे टोपी काढून उभी राहतात. मला ठेवताना सर म्हणाले होते, तुम्ही गाडी सांभाळा, मी पोरगी सांभाळतो. म्हणजे मी स्टिअरिंगवर आहे तोवर ती बाकावर आहे.

आणि गाडी अशी. कुणा डॉक्टरनं वापरून टाकलेली, वरून पांढरीशुभ्र. रोज सकाळी आत बसलो की मी देवाचं नाव घेत पाच वेळा ब्रेक दाबून बघतो. न, मः, शि, वा, य. तिसऱ्या अक्षराला पायडल घट्ट होतं, पाचव्याला दगड. मग पाय काढून हात जोडतो आणि चावी फिरवतो. रस्त्याला लागलं की तेच पायडल मऊ. घरी वाघ आणि बाहेर शेळी. माझं म्हणणं एवढंच की जे उभ्या गाडीत दगड होतं ते चालत्या गाडीत कधी होईल याचा नेम नाही. सरांना सांगितलं. म्हणाले, बघू.

१९ जून, शुक्रवार

सरांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं ब्रेक ऑइल बदललं. लाइनमध्ये हवा होती म्हणाला. हवा त्याच्या डोक्यात होती. सकाळी पुन्हा दगड.

गाडी सुरू करून दारात आणली आणि सरांना हाक मारून आणलं. ते बसले, एकदा पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पायडल लोण्यासारखं गेलं होतं. मी म्हणालो, सर, पाच वेळा दाबून बघा. ते म्हणाले, “मलप्पा, मला गाडीत बसून जायचंय. व्यायाम नाही करायचा.” भगवानराव हसले. त्यांना सर हसले की हसायचं एवढंच काम आहे.

२४ जून, बुधवार

आता ब्रेकचा मास्टर सिलिंडरच नवा टाकला. दोन दिवस गाडी गॅरेजला, सर मंगळवारी एस.टी.नं नांदेडला गेले आणि आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी दाबलं. दगड.

दाब या विषयावर सरांची दोन तासांची व्याख्यानं आहेत. पोरं म्हणतात, दाब शिकावा तर सरांकडं. बोर्डाच्या यादीत आलेल्या मुलांच्या फोटोंमध्ये मधोमध सरांचा फोटो लावलेले फलक औसा रोडला इतके उंच आहेत की कावळेही वरून बघून जातात. आणि या माणसाला स्वतःच्या पायाखालचं पायडल का घट्ट होतं ते सांगता येत नाही. मी सातवी शिकलेला, मला नाही कळलं तर चालतं.

भगवानरावांनी बाजूला घेऊन सांगितलं की सर वैतागलेत, दुसरा ड्रायव्हर बघा म्हणाले होते. पुढे म्हणाले, पोरीचं वर्ष आहे, जरा जपून. वचन : ‘तक्रार हे अपयशाचं पहिलं पाऊल.’

३० जून, मंगळवार

नांदेडला जाताना अहमदपूरला सर चहाला थांबतात. तिथून जवळ नजीरचं दुकान आहे. जीपच्या दिवसांपासून ओळख. चाळिशी उलटली नाही पण बोलणं असं, जसं काही इंजिन त्याच्या आजोबांनीच शोधून काढलं.

गाडी त्याच्या दारात नेली. तो म्हणाला, मामू, तुम्ही रोज करता तसंच करून दाखवा. मी इंजिन बंद केलं, डोळे मिटले, देवाचं नाव घेत पाच वेळा दाबलं. डोळे उघडले तर हा खिडकीत कोपरं टेकून माझ्या तोंडाकडं बघतोय.

“मामू, हे जीपमधी ठीक होतं. जीपला बूस्टर न्हाई. ह्या गाडीला हाय.” त्यानं बॉनेट उघडून तवा उलटा ठेवावा तसला काळा डबा दाखवला. म्हणाला, इंजिन या डब्यातली हवा नळीनं ओढून घेतं, आणि ती ओढ आपल्या पायाला मदत करते. इंजिन बंद केलं तरी थोडी ओढ आत साठून राहते, दोन-तीनदा दाबण्यापुरती. “तुमी सकाळी सकाळी पाच टायमाला दाबून ती सगळी सांडून टाकता. मंग पायडल दगड न्हाई होणार तर काय? गाडी चांगली हाय. बिघाड तुमच्या पायात हाय.”

मग म्हणाला, आता दाबून घट्ट झालंय ना, पाय काढू नका, तसाच ठेवून चावी मारा. मारली. इंजिन सुरू झालं आणि पायडल पायाखाली आपोआप दोन बोटं खाली सरकलं, जसं कुणी खालून धरून ओढलं.

“हे खाली गेलं म्हंजे बूस्टर जिंदा. ज्या दिवशी जाणार न्हाई त्या दिवशी गाडी हलवू नका. सरांचे वालिद आले तरी.”

कोपरापर्यंत तेलात बुडालेल्या माणसानं मला देवाचं नाव कुठं घ्यावं हे शिकवावं. पैसेही घेतले नाहीत त्यानं, म्हणजे वर उपकार. मागं वळलो तर सर उभे होते. चहा पिऊन कधी आले कळलं नाही. सगळं ऐकलं असावं, कारण नांदेड येईपर्यंत मधूनमधून त्यांना हसू येत होतं.

९ जुलै, गुरुवार

आज गुरुपौर्णिमा. क्लासमध्ये सरांची पाद्यपूजा. चांगल्या घरची पोरं सरांचे पाय तांब्याच्या ताटात धूत होती. आमच्याकडं गुरूच्या पाया पडतात ते तो काही मागत नाही म्हणून. इथं गुरूनं फीची शेवटची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती.

पूजा झाल्यावर सरांनी एक तास घेतला. मी बाहेर लिंबाखाली गाडी पुसत होतो. खिडक्या उघड्या, माइक चालू. विषय होता निर्वात. सर म्हणाले, आपल्या मलप्पांचंच उदाहरण घ्या. आणि सगळं सांगितलं. डबा, नळी, ओढ, नजीरचा शब्द न् शब्द. नजीरचं नाव मात्र नाही. “आमचे ड्रायव्हर रोज सकाळी मंत्र म्हणून चांगला ब्रेक बिघडवतात आणि मग देवाला म्हणतात, वाचव.” दोनशे पोरं हसली. सरांनी माझ्यासारखे डोळे मिटून पाय आपटून दाखवला असणार, कारण पुन्हा मोठ्यानं हसू आलं.

सुटल्यावर राजकन्या मैत्रिणींबरोबर बाहेर आली, सायकल काढली आणि गेली. ऊन डोळ्यावर होतं, तिला मी दिसलो नसेन.

घरी जेवताना विचारलं, आज काय शिकवलं? म्हणाली, मागचंच.

१२ जुलै, रविवार

पाच वेळा दाबणं बंद केलं आहे. आता एकदाच दाबतो, पाय ठेवतो, चावी मारतो, पायडल खाली जातं. नाव मनात घेतो. काही फरक पडत नाही. फक्त तळहाताला घाम फार येतो. लातूरची हवाच तशी.

बायकोनं, शिवकांतानं, भाकरी थापता थापता विचारलं, ते दाबून बघणं कधीपासूनचं हो? म्हणालो, गाडी शिकलो तेव्हापासूनचं. ती म्हणाली, “न्हाई. भूकंपाच्या आधी तुमी बसत होता न् निघत होता. मी का बघितलं न्हाई?”

बायकांना दोन गोष्टी दिसल्या की त्यांची गाठ मारायची सवय असते. त्या पहाटे मी जीपमध्येच झोपलो होतो, घरासमोरच्या उतारावर, कारण पहिली फेरी पाचची होती. जीप घरंगळते आहे असं वाटून जाग आली. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. दाबत राहिलो. जीप तर जागच्या जागी होती, ब्रेक उत्तम होता. समोर घर खाली बसलं. आत आई होती. शिवकांता आणि राजकन्या माहेरी होत्या. यात त्या पाच अक्षरांचा काय संबंध?

तिला सांगितलं, तू भाकरी कर. तर म्हणाली, आणि या पत्र्याखाली का राहतो आपण, स्लॅबची खोली त्याच भाड्यात मिळत होती. मी म्हणालो, इथं हवा खेळते. ती पदरानं घाम पुसत हसली. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

२७ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. सिद्धेश्वराला जाऊन आलो. रांगेत क्लासची चाळीस-पन्नास पोरं होती, चाचणी परीक्षा आहे म्हणून. देवाला यांनी अतिरिक्त मार्गदर्शक करून टाकलं आहे.

राजकन्या मागच्या चाचणीत पहिली आली. पंधरा ऑगस्टला नांदेडला नव्या इमारतीचं उद्घाटन आहे, तिथं तिला मंचावर उभं करणार. भगवानरावांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बरं. उगाच आनंद दाखवला की ही माणसं डोक्यावर बसतात.

४ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी एकदाच पाय ठेवला. पहिल्याच दाबाला घट्ट. मी आधी दाबलं होतं का? नाही. की दाबलं, आणि सवयीनं कळलं नाही? पाय ठेवून चावी मारली. पायडल गेलं खाली, पण आधी जायचं तेवढं नाही. किंवा तेवढंच गेलं असेल. इंजिनाकडून बारीक फस्स असा आवाजही आला. रस्त्यावर सायकलवाला हवा भरत असेल.

सरांना सांगितलं नाही. काय सांगू? दोनशे पोरांना पुन्हा एक तास मिळेल. अहमदपूरला सर चहा पीत असताना नजीरच्या दुकानावरून गाडी नेली. तो दारातच होता, हात केला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर म्हणाला असता, मामू, पुन्हा पाय?

११ ऑगस्ट, मंगळवार

आठवडाभर तसंच आहे. घट्ट, मग जरासं खाली. उतारावर ब्रेकला जास्त जोर लागतो, किंवा मला तसं वाटतं. मागं सर पेपर तपासत होते. मी एका भित्र्या माणसासारखा गाडी चालवत होतो आणि तो भित्रा माणूस कशाला भीत होता, तर हसण्याला. ब्रेकला नव्हे. हे लिहायला बरं वाटत नाही पण डायरी माझी आहे, वाचणार कोण.

१५ ऑगस्ट, शनिवार

झेंडावंदन आटोपून सातला निघायचं होतं. क्लासच्या दारात गाडी उभी. मागं सर नव्या सफारीत, शेजारी भगवानराव हारांची टोपली मांडीवर घेऊन. पुढं माझ्या बाजूला राजकन्या, दोन वेण्या, इस्त्रीचा पोशाख.

पाय ठेवला. दगड. चावी मारली. इंजिन धडधडत सुरू झालं, कधी जोरात कधी हळू, आणि फस्स आवाज आता चांगला मोठा होता. पायडल खाली गेलं नाही. जोर लावला. नाही गेलं. पाय तसाच ठेवून मनात शंभर मोजले.

मी इंजिन बंद करून चावी काढली आणि म्हणालो, सर, गाडी नेता येणार नाही.

सर म्हणाले, पुन्हा सुरू झालं का तुमचं? मी म्हणालो, या वेळी मी दाबलं नाही. भगवानराव म्हणाले, मलप्पा, अकराला पाहुणे येणार आहेत, नाटक नको. सर उतरून माझ्या दाराशी आले. आजवर त्यांनी मला तुम्ही म्हटलं होतं.

“चावी दे. मी चालवतो. तू घरी जा आणि जप कर.”

दिली नाही. मुठीत धरून बसलो. फाटकाशी पोरं जमली. मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला काहीतरी सणसणीत सुचतं. माझ्या डोळ्यापुढं एवढंच होतं की आता हिचा बाक गेला.

तेव्हा राजकन्या म्हणाली, अप्पा, जरा सरका, मी बघते. मी का सरकलो ठाऊक नाही. तिनं कधी गाडीला हात लावलेला नाही. बसली, माझ्या मुठीतून चावी घेतली, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि विचारलं, फिरवू? गाडी न्यूट्रलला आहे ना? आहे म्हणालो. तिनं फिरवली. खाली वाकून स्वतःच्या पायाकडं बघत राहिली. मग इंजिन बंद केलं.

“सर, खाली जायला पाहिजे ना? गेलं न्हाई. ओढच न्हाई आत. तुमीच शिकिवलंय.”

सरांनी घड्याळात बघितलं. पायडलाकडं बघितलं नाही. भगवानरावांना म्हणाले, एक जीप बघा. जीप आली. सर राजकन्येला म्हणाले, चल बस. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, जा, मंच सोडायचा नाही. जीपमध्ये चढताना सर मला म्हणाले, उद्यापासून येऊ नको.

ती संध्याकाळी परत आली. नारळ आणि एक पेन मिळालं होतं. मी विचारलं, जीपच्या ड्रायव्हरनं नीट नेलं का? हाव म्हणाली.

१६ ऑगस्ट, रविवार

भगवानराव घरी आले, पहिल्यांदाच. पत्र्याखाली दोन मिनिटांत भिजले. गाडी टोचन लावून ओढत गॅरेजला नेली होती. बूस्टरपाशी रबरी नळी बोटभर चिरलेली निघाली, वाटेत उतारावर दगा झालाच असता, असं गॅरेजवाला म्हणाला. आता शहाणपण. दहा-अकरा दिवस मी तीच चिरलेली नळी घेऊन सरांना नेत-आणत होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. इथं लिहितो.

भगवानराव म्हणाले की सरांचं तुमच्याबद्दल वाईट मत नाही, पण सगळ्यांसमोर चावी दिली नाही ते त्यांना लागलं. दुसरा ड्रायव्हर ठरला आहे. पोरीचा बाक मात्र राहील, तेवढं मन मोठं आहे सरांचं. शिवकांतानं चहा दिला, त्यांनी अर्धाच घेतला.

बाक राहिला. मला एवढंच पाहिजे होतं. निलंग्याला जीपवाल्याशी बोलून आलं पाहिजे.

१९ ऑगस्ट, बुधवार

राजकन्या साडेअकरालाच घरी आली. दप्तर भरलेलं. क्लास एकला सुटतो.

सांगेना. शिवकांतानं पाणी दिलं, मग सांगितलं. सरांनी आज तासाला पंधरा ऑगस्टची गोष्ट काढली. म्हणाले, विज्ञान रोजच्या जगण्यात कसं उपयोगी पडतं बघा. सर म्हणाले, निघताना मी पायडलावर पाय ठेवला, ते खाली गेलं नाही, मी तिथंच ओळखलं की निर्वात नाही, आणि त्या गाडीनं जाणं रद्द केलं. चार जिवांचा प्रश्न होता, पाहुण्यांचा खोळंबा सहन केला पण धोका पत्करला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ही उभी राहिली. सरांनी विचारलं, शंका आहे का? तर म्हणाली, शंका न्हाई सर. ते तुम्ही ओळखलं नाही, माझ्या अप्पांनी ओळखलं. तुम्ही चावी मागत होता.

सर म्हणाले, खाली बस. ती बसली नाही. सर म्हणाले, मग बाहेर जा, आणि पुन्हा येऊ नको. तिनं दप्तर भरलं आणि आली. सायकल हळूच काढली म्हणे, तास चालू होता म्हणून.

मी तिला चांगलं झापलं. देगलूरची माणसं ज्या बाकासाठी पाया पडतात तो एका रबरी नळीपायी घालवलास. बोर्डाची परीक्षा सहा महिन्यांवर आली. एक वाक्य गिळलं असतं तर पोट दुखलं असतं का? तुझा बाप दहा-अकरा दिवस गिळून बसला होता. शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं. कॉलेजात शिकवतात तेवढं पुरे आहे म्हणाली, बाकीचं पुस्तकात आहे. अक्कल बघा.

जेवण झालं. ती भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसली. मी विचारलं, तू नेमकं काय म्हणालीस म्हणे सरांना? मघाशी नीट कळलं नाही. तिनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिनं पुन्हा सांगितलं, आहे तसं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं.

म्हणाली, “अप्पा, तुमाला पयल्या येळीच ऐकू आलंय.”